बॅकलाइट लागतो, बीप येतो, स्क्रीन मात्र कोरी: ग्राफिक एलसीडीची दुरुस्ती

तिसराबँड

माझ्याकडे एक जुना फंक्शन जनरेटर आहे. १२८×६४ चा ग्राफिक डिस्प्ले, पिवळा-हिरवा, वीस पिनांचा. अक्षरं हळूहळू फिकट होत गेली आणि आता स्क्रीन पूर्ण कोरी आहे. बॅकलाइट लागतो. बटण दाबलं की बीप येतो, आउटपुटला साइन वेव्ह व्यवस्थित मिळते. म्हणजे आतला प्रोसेसर जिवंत आहे.

उघडून पाहिलं. मॉड्यूलच्या मागे तीन मोठे चौकोनी चिप आहेत, दोनांवर केएस०१०८ आणि एकावर केएस०१०७ लिहिलंय. कोपऱ्यात आठ पायांचा एक छोटा आयसी आणि त्याच्या शेजारी दोन इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर. कॉन्ट्रास्टचा ट्रिमर (छोटा फिरवता रेझिस्टर) मुख्य बोर्डावर आहे, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तरी ढिम्म फरक नाही. सुरुवात कुठून करू?

खटपट्या

काच गेली. नवीन मागवा आणि मोकळे व्हा.

मिलीओहम

काचेला एवढ्यात फाशी देऊ नका, खटपट्या. काच जाते तेव्हा कडेने काळे डाग पसरतात, तडा दिसतो, नाहीतर ठरावीक रेघा गायब होतात. सगळा पडदा एकसारखा फिकट होत होत कोरा पडला, तर संशय आधी कॉन्ट्रास्टच्या व्होल्टेजवर.

तिसराबँड, मल्टिमीटरची काळी प्रोब ग्राउंडला लावा आणि तीन मापं घ्या. या जातीच्या बऱ्याच मॉड्यूलवर पिन १ ग्राउंड, २ व्हीडीडी (मुख्य धन पुरवठा), ३ व्हीओ (कॉन्ट्रास्टचं व्होल्टेज) आणि १८ व्हीईई (ऋण व्होल्टेज) असते. सगळीकडे असंच असतं असं नाही, त्यामुळे मागे छापलेली नावं वाचून घ्या. व्हीडीडी ५ व्होल्ट असेल. व्हीईई उणे ५ च्या आसपास हवा, तो त्या आठ पायांच्या आयसीतून येतो. ट्रिमर व्हीडीडी आणि व्हीईईच्या मध्ये बसतो आणि त्याचा मधला पाय व्हीओला जातो.

काचेला दिसतो तो व्हीडीडी वजा व्हीओ एवढा फरक. ६४ ओळींच्या डिस्प्लेला तो साधारण ८ ते ९ व्होल्ट लागतो. ६ वर आला की डेटा कितीही शुद्ध येऊ दे, डोळ्यांना काही दिसणार नाही.

मीटर हाताशी येईपर्यंत एक करा. खोलीत अंधार करून स्क्रीनकडे अगदी तिरप्या कोनातून पाहा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. कॉन्ट्रास्ट कमी पडलेल्या काचेवर एखाद्या कोनातून अक्षरांची सावली दिसते. ती दिसली तर डेटा पोचतोय, निम्मा तपास संपला.

जुनाबेंच

+१. त्यात माझी भर: हेअर ड्रायर लांबून, मंद हवेवर, थोडा वेळ. लिक्विड क्रिस्टलला गरम झाल्यावर कमी व्होल्टेज पुरतं. गरम हवेने अक्षरं उगवली आणि गार झाल्यावर मावळली तर व्होल्टेजच कमी आहे, खात्रीने. हेच कारण आहे की थंडीत काही उपकरणं सकाळी फिकी दिसतात आणि तासाभराने सुधारतात.

फार तापवू नका. एका मर्यादेपुढे क्रिस्टल साध्या द्रवासारखं होतं आणि तेवढा भाग एकाच रंगाचा दिसू लागतो. गार झाल्यावर परत येतं, पण पोलरायझरचा (काचेवर चिकटवलेल्या, प्रकाश गाळणाऱ्या फिल्मचा) गोंद तेवढा दयाळू नसतो.

तिसराबँड

खालच्या बाजूने तिरपं पाहिलं, सावली दिसतेय! मेनूची चौकट ओळखू येते.

मापं: व्हीडीडी ४.९७, व्हीईई उणे १.६, व्हीओ (ट्रिमर शेवटाला) उणे १.५.

मिलीओहम

मग झालंच. ४.९७ आणि १.५ मिळून साडेसहाच्या खाली. ट्रिमर फिरवून उपयोग नाही, कारण फिरवायला खाली व्होल्टेजच शिल्लक नाही.

तो आठ पायांचा आयसी बहुतेक ७६६० किंवा त्याचा भाऊबंद. त्याचं काम पंपाचं: पिन २ आणि ४ मधला कॅपॅसिटर ५ व्होल्टला भरायचा, मग उलटा करून पिन ५ वर रिकामा करायचा. हे सेकंदाला काही हजार वेळा. कॅपॅसिटर सुकला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, पंप दमतो, व्हीईई शून्याकडे सरकत जातो. तुमचं "हळूहळू फिकट" ते हेच. आयसी स्वतः क्वचित मरतो, आणि मेला तर एका दिवसात मरतो, महिनोन्महिने आजारी नसतो.

दोन्ही कॅपॅसिटर बदला. १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे चालतील. आता इकडे लक्ष द्या: पिन ५ वरच्या कॅपॅसिटरची धन बाजू ग्राउंडला जाते, ऋण बाजू पिन ५ ला. आउटपुट ऋण आहे ना. सवयीने धन बाजू आयसीकडे लावली की तो फुगतो. जुने काढण्याआधी फोटो काढून ठेवा आणि बोर्डावरच्या छापील खुणेपेक्षा मीटरवर विश्वास ठेवा.

खटपट्या

आणि कॅपॅसिटर बदलूनही उणे १.६ च राहिलं तर?

मिलीओहम

तर व्हीईईची तार ट्रिमरपासून सोडवून व्हीईई पुन्हा मोजायचा. मोकळा सोडल्यावर उणे ५ आला तर पुढे कुणीतरी तो खेचतंय: ट्रिमर, बोर्डावरची ओल, किंवा ड्रायव्हर चिप. मोकळा सोडूनही आला नाही तर ७६६० बदला. त्याच्या पिन ८ ला ५ व्होल्ट पोचतात ना, हे आधी पाहून.

एक_नवशिका

छान माहिती. थोडं विषयांतर: माझ्याकडच्या मीटरमध्येही १२८×६४ चाच डिस्प्ले आहे, पण त्याचा फक्त डावा अर्धा भाग चालतो. उजवीकडे कचरा दिसतो. हेही कॅपॅसिटरमुळे का?

जुनाबेंच

नाही. तुझ्या प्रश्नात उत्तराचा पत्ता आहे. केएस०१०८ एका वेळी ६४ उभे स्तंभ सांभाळतो, म्हणून १२८ ला दोन लागतात. प्रत्येकाला निवडायची वेगळी तार असते, सीएस१ आणि सीएस२. बरोबर मध्यावर रेघ मारल्यासारखा अर्धा भाग गेला, तर एक चिप तरी मेली आहे किंवा तिची निवड होत नाही. पॉवर देताना चिपच्या आतल्या मेमरीत काहीबाही असतं. त्या अर्ध्यात कुणी नीट लिहिलंच नाही तर तोच कचरा दिसत राहू शकतो. म्हणजे काच, झेब्रा (काच आणि बोर्ड जोडणारी रबराची पट्टी), कॉन्ट्रास्ट सगळे निर्दोष.

सीएस१ आणि सीएस२ च्या तारा कनेक्टरपाशी अदलाबदल करून बघ. आता डावीकडे कचरा आणि उजवीकडे चित्र आलं, तर दोष तारेत किंवा मुख्य बोर्डात. उजवी बाजू तशीच मेलेली राहिली तर मॉड्यूलवरची चिप किंवा तिचा ड्राय सोल्डर. ही अदलाबदल पॉवर बंद करून करायची, हे वेगळं सांगायला नको.

बिघाडाचा आकार वाचायची सवय लावून घे. उभ्या रेघा गायब असतील तर स्तंभांचा मार्ग, आडव्या गायब असतील तर ओळींचा. एकच ओळ किंवा एकच स्तंभ गेला तर काचेपाशी संपर्क तुटलाय. पण दर आठवी आडवी ओळ गडद, शिवाय चित्र जागेवरून सरकलेलं, असं दिसलं तर काचेकडे बघूच नको. केएस०१०८ मध्ये एक बाइट म्हणजे एकाखाली एक आठ ठिपके, त्यामुळे डेटाची एक तार वरच्या पातळीला चिकटली की दर आठव्या ओळीत तीच चूक उमटते. आणि त्याच तारांवरून कमांडही जातात, म्हणून पत्ताही चुकतो.

सगळ्यात गमतीशीर डीबी०, म्हणजे डेटाची पहिली तार. डिस्प्ले ऑनची कमांड ३एफ, ऑफची ३ई. डीबी० ग्राउंडला शॉर्ट झाला की प्रोसेसर बिचारा "ऑन" म्हणतो आणि चिपला "ऑफ" ऐकू येतं. स्क्रीन ठार कोरी, सगळी व्होल्टेज मात्र बरोबर. कंटिन्युइटीच्या बीपवर दोन मिनिटांत सापडतं, नाहीतर माणूस दोन रात्री चिप बदलत बसतो.

अर्धाबिट

आणि पडद्यावर एकच गडद आडवी रेघ, बाकी सगळं रिकामं?

जुनाबेंच

आधी पॉवर काढायची, चर्चा नंतर! स्कॅनिंग थांबलंय, एकच ओळ कायम निवडलेली आहे. एलसीडीला नेहमी ध्रुव उलटसुलट करत चालवतात, त्यासाठी एम किंवा एफआर नावाचा सिग्नल असतो. तो थांबला की क्रिस्टलवर डीसी बसतो आणि आत विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. थोड्या वेळाने जळत नाही, पण तसंच लावून मापं घेत बसलात तर ती ओळ कायमची छापली जाते. आधी स्कोप तयार ठेवा, मगच पॉवर द्या आणि क्लॉक शोधा. ओळी स्कॅन करणाऱ्या केएस०१०७ च्या ऑसिलेटरचा रेझिस्टर किंवा कॅपॅसिटर सुटलेला असतो बऱ्याचदा.

तिसराबँड

दोन्ही कॅपॅसिटर बदलले. व्हीईई उणे ४.८, व्हीओ उणे ३.६ ला अक्षरं ठसठशीत. ट्रिमर आता व्हीईईच्या टोकाच्या थोडा अलीकडे आहे. मिलीओहम, जुनाबेंच काका, दोघांचे मनापासून आभार.

एक शंका राहिली. डाव्या कडेला तीन उभे स्तंभ दिसत नाहीत. आधी सगळंच कोरं होतं म्हणून लक्षात आलं नसावं. पत्र्याची चौकट दाबली की दोन परत येतात.

मिलीओहम

दाबल्यावर परत येतात म्हणजे झेब्रा. काचेच्या कडेखाली रबराची पट्टी असते, कार्बनचा वाहक थर आणि सिलिकॉनचा अवाहक थर आलटून पालटून. पीसीबीवरचे पॅड आणि काचेवरचे पारदर्शक इलेक्ट्रोड यांना जोडणारं दुसरं काही नसतं, फक्त दाब.

चौकटीचे पत्र्याचे कान पीसीबीच्या मागे पिळलेले असतात. आधी काही न उघडता ते कान पक्कडीने हलकेच थोडे जास्त पिळून बघा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कान सरळ करा (फार वेळा करू नका, तुटतात), चौकट उचला, पट्टी कुठल्या दिशेने बसली होती ते बघून काढा. पॅड आणि पट्टी आयसोप्रोपिलने लिंट नसलेल्या कापडावर पुसा, वाळू द्या, परत बसवा. पट्टीला उघड्या बोटांनी हात लावू नका, बोटांचं तेल हाच तर अर्धा आजार.

खटपट्या

पॅडवर साधा खोडरबर फिरवा, चकाचक होतात. कायम करतो.

मिलीओहम

पीसीबीच्या सोनेरी पॅडवर एकदा फिरवला तर ठीक, पण भुगा एकूण एक निघाला पाहिजे, नाहीतर तोच मध्ये बसतो. काचेच्या कडेला खोडरबर बिलकुल नाही. तो इलेक्ट्रोड इंडियम टिन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. खरवडला की संपला, त्याला सोल्डर लागत नाही.

खटपट्या

ठीक आहे. पण ज्यात झेब्रा नसतो, तपकिरी फ्लेक्सची पट्टी काचेला चिकटवलेली असते, त्याचं काय? मी ती सोल्डरिंग आयर्नने दाबून परत चिकटवतो. लोक म्हणतात होत नाही, माझी होते.

जुनाबेंच

होते, आणि परत सुटते. ती पट्टी कारखान्यात गरम पट्टीखाली मोजून तापमान आणि दाब देऊन बसवतात. आयर्नने करायचंच असेल तर चपटी टिप, मध्ये पातळ सिलिकॉन शीट, तापमान शक्य तेवढं खाली, आणि सरळ खाली दाब. घासत नेलं की कार्बनचे माग शेजारच्याला चिकटतात आणि एका गायब रेघेच्या जागी दोन शॉर्ट मिळतात. दुसरा काही मार्गच नसेल तेव्हाच करावं असं माझं मत. ज्या काचेवर चिप थेट बसवलेली असते (एसटी७५६५ वगैरे) तिथे तर हात लावू नये.

अर्धाबिट

आता माझी बाजू. सगळं हार्डवेअर ठीक असूनही डिस्प्ले नाचतो, त्याबद्दल कुणी बोललं नाही.

जुन्या उपकरणात ५ व्होल्टचा डिस्प्ले ठेवून आतला कंट्रोलर बदलायचा आणि नवा ३.३ व्होल्टचा लावायचा, हे आजकाल सर्रास चालतं. केएस०१०८ च्या डेटा आणि कंट्रोल पिनांना २ व्होल्टच्या वर काहीही "एक" वाटतं, त्यामुळे तो ३.३ वर सुखाने चालतो. त्याचा रिसेट मात्र वेगळ्या पंगतीत बसतो, त्याला व्हीडीडीच्या ०.७ पट लागतं. एसटी७९२० या दुसऱ्या डिस्प्ले चिपला तर सगळ्याच इनपुटना ०.७ पट, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५. तुम्ही देताय ३.३. टेबलवर चालतो, खोक्यात बसवला की अक्षरं फुटतात, उन्हाळ्यात एक वागतो आणि हिवाळ्यात दुसरं. लोक मग लायब्ररी बदलत बसतात. ७४एचसीटी जातीचा बफर (३.३ चे सिग्नल ५ व्होल्टचे करणारा आयसी) मध्ये टाका, विषय संपला.

उलट दिशेचंही बघा. डिस्प्लेतून वाचायला गेलात तर तो डेटा तारांवर ५ व्होल्ट टाकतो. वाचायची गरज नसेल तर आरडब्ल्यू (वाचायचं की लिहायचं ते सांगणारी पिन) सरळ ग्राउंडला बांधा आणि बिझी फ्लॅग (चिप कामात असल्याची खूण) बघण्याऐवजी वेळ सोडा. केएस०१०८ ला ई (एनेबल) पल्स किमान ४५० नॅनोसेकंद वर राहिलेला हवा आणि पूर्ण चक्र १ मायक्रोसेकंद. आजचे कंट्रोलर याच्या कितीतरी पट वेगात पिन हलवतात.

थ्रीडी प्रिंटरवाल्यांचा नेहमीचा किस्साही यातलाच. मोटर फिरायला लागली की एसटी७९२० वर चिनी अक्षरं उगवतात. चिनी का, तर त्या चिपच्या आतच चिनी अक्षरांचा संच आहे, बिघडलेला बाइट तिकडे बोट दाखवतो. मार्लिन फर्मवेअरमध्ये या चिपसाठी विलंबाच्या वेगळ्या सेटिंग आहेत, त्या वाढवून बघा. पण आधी रिबन केबल मोटरच्या तारांपासून दूर घ्या आणि ग्राउंड जाड करा.

एक_नवशिका

सीएसची अदलाबदल केली. कचरा डावीकडे आला. म्हणजे दोष तारेत किंवा मुख्य बोर्डात! रिबन केबलच्या कनेक्टरात सोळावी तार तुटलेली निघाली.

जुनाबेंच

शाब्बास.

तिसराबँड

झेब्रा पुसून बसवला, तिन्ही स्तंभ आले. आता अजून एक बारीकशी खोड दिसते. मेनूत गडद पट्टी असली की तिच्या रेषेत डावी-उजवीकडे फिकट सावली पसरते. ट्रिमर कमी केला की सावली जाते, पण अक्षरंही फिकी होतात.

मिलीओहम

थोडी सावली या जातीच्या काचेत जन्मजात असते. जास्त असेल तर बायसची शिडी (काचेचं व्होल्टेज पायऱ्यांत वाटणारी रेझिस्टरची साखळी) मोजा. ही मोजणी मला फार आवडते, कारण उत्तर स्वच्छ येतं.

६४ ओळींना बायस १/९ लागतो: ६४ चं वर्गमूळ ८, अधिक १. म्हणून व्हीडीडी आणि व्हीओच्या मध्ये पाच रेझिस्टर एकापुढे एक असतात. चार सारखे आणि मधला त्यांच्या पाचपट, एकूण नऊ भाग. काचेला ९ व्होल्ट मिळत असतील तर प्रत्येक रेझिस्टरवर क्रमाने १, १, ५, १, १ व्होल्ट दिसायला हवेत. तुमच्याकडे एकूण साधारण ८.६ आहे, म्हणजे ०.९५ च्या आसपास आणि मधल्यावर ४.८. एखादा आकडा वेगळा आला की दोष त्या पायरीवर. काही मॉड्यूलवर प्रत्येक पायरीमागे एलएम३२४ चा एकेक ऑप-अँप असतो. त्याचं इनपुट आणि आउटपुट सारखं नसेल तर तो गेला.

तिसराबँड

०.९५, ०.९४, ४.७७, ०.९५, ०.९६. सगळं जागेवर. म्हणजे जन्मजात.

फिकटनिळा

उशिरा आलो धाग्यावर. माझ्या डिस्प्लेवर बुरशीसारखे डाग पसरलेत आणि उघडल्यावर व्हिनेगरचा उग्र वास आला. बॅटरी फुटली का?

जुनाबेंच

बॅटरीला असा वास येत नाही. पोलरायझर सडलाय. त्याच्या फिल्ममध्ये सेल्युलोज ट्रायअॅसिटेट असतं, ओल आणि उष्णतेने ते विघटित होऊन अॅसिटिक आम्ल सुटतं. जुन्या सिनेमाच्या रिळांनाही हाच रोग होतो. आतली काच बहुतेक ठीक असेल. फिल्म कडेने सावकाश सोला, उरलेला गोंद आयसोप्रोपिलने काढा आणि नवीन पोलरायझर लावा. कापण्याआधी काचेवर नुसता ठेवून, डिस्प्ले चालू करून फिरवून बघा. ९० अंशांनी चुकला तर गडद अक्षरांच्या जागी उजळ अक्षरं दिसतील.

काळ्या-पांढऱ्या एफएसटीएन डिस्प्लेत सांभाळा. तिथे पोलरायझरला चिकटून आणखी एक फिल्म असते, रंग निस्तरणारी. ती पोलरायझरबरोबर फेकलीत तर चित्र दिसेल, पण पिवळट किंवा निळसर.

फिकटनिळा

आणि काच तडकलेली असेल तर नवीन डिस्प्लेच ना? माझ्या दुसऱ्या उपकरणात २४०×१२८ चा आहे. त्याच आकाराचा आणलाय. अक्षरं येतात, पण प्रत्येक ओळ पुढच्या ओळीत सांडते, सगळं तिरकं.

अर्धाबिट

कंट्रोलर टी६९६३सी किंवा आरए६९६३ आहे का? असेल तर एफएस पिन बघा. खाली ओढली की अक्षराची रुंदी ८ ठिपके, वर ओढली की ६. २४० ठिपक्यांत पहिल्या प्रकारे ३० अक्षरं बसतात, दुसऱ्याने ४०. उपकरण ४० च्या हिशेबाने लिहितंय आणि डिस्प्ले ३० च्या, म्हणून सांडतं.

मिलीओहम

आणि पॉवर पुन्हा द्यायच्या आधी पिनांचा क्रम जुन्या-नव्या डेटाशीटवरून जुळवा. १२८×६४ मध्येच दोन-तीन वेगवेगळे क्रम फिरतात. काहींत पिन १-२ वर ग्राउंड आणि व्हीडीडी, काहींत उलटे, काहींत तिथे चक्क सीएस१-सीएस२. सीएस काहींना वर लागतो, काहींना खाली. २४०×१२८ ला ऋण व्होल्टेजही जास्त खोल लागतं. तुमचं उपकरण ते बाहेरून पुरवत असेल आणि नव्या मॉड्यूलवर स्वतःचा पंप असेल, तर दोन्ही एकमेकांना जोडू नका, एकच ठेवा.

फिकटनिळा

आरए६९६३ आहे. एफएस ग्राउंडला होती, ५ व्होल्टला नेली. ४० अक्षरं जागेवर बसली. मॉड्यूलवर पंप आहे, म्हणून उपकरणाकडून येणारी ऋण तार कापून इन्सुलेट केली.